‘फ्लोरल शॉप’ अर्धा कच्चा वाटतो, तरी सोडवत नाही, असं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मॅकिंटॉश प्लसचा ‘फ्लोरल शॉप’ हा व्हेपरवेव्ह (म्हणजे जुनी गाणी स्लो करून, कापून बनवलेलं संगीत) अल्बम सगळे क्लासिक म्हणतात म्हणून तुम्ही पूर्ण ऐकला, सुरुवातीचे ट्रॅक जबरदस्त वाटले, मग हळूहळू कोणीतरी अर्धवट सेव्ह करून विसरलेली फाइल ऐकतोय असं वाटायला लागलं, तरी रात्री परत तोच लावावासा वाटतो. आणि पुढे विचारलंय की ‘हे नुसतं जुनं गाणं स्लो केलंय ना, मग यात प्रोड्यूसरने केलं काय?’ शिवाय तुम्हाला स्वतःला जुनी हिंदी-मराठी गाणी घेऊन असंच काहीतरी करायचंय. मी पुण्यात बरीच वर्षं मिक्सिंग-मास्टरिंग करतो, स्वतःचं इलेक्ट्रॉनिक कामही चालू असतं, आणि हल्ली दर महिन्याला कोणीतरी स्लो केलेली गाणी मास्टर करायला पाठवतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे तुमचे कान बरोबर आहेत. अल्बम डावा-उजवा आहेच. पण त्यातलं वातावरण आणि त्यातला कच्चेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं तुम्ही धरून चाललाय, तिथे माझं मत वेगळं आहे. अख्खा अल्बम जवळपास एकाच युक्तीवर उभा आहे, आणि ती युक्ती काही प्रकारच्या रेकॉर्डिंगवर भन्नाट चालते, काहींवर अजिबात चालत नाही. जिथे मूळ गाण्यात माणसाचा आवाज आहे आणि त्या आवाजाभोवती स्टुडिओची हवा आहे, तिथे जादू होते. जिथे ती नाही तिथे फक्त मिनिटं वाढतात.

बॅकग्राऊंड पटकन सांगतो. अल्बम डिसेंबर 2011 मध्ये ‘बिअर ऑन द रग’ या छोट्या लेबलवर आला. मॅकिंटॉश प्लस म्हणजे अमेरिकेतली प्रोड्यूसर रमोना झेवियर, जी व्हेक्ट्रॉइड नावाने जास्त ओळखली जाते, आणि त्या एक-दोन वर्षांत ती लेझरडिस्क व्हिजन्स, न्यू ड्रीम्स लिमिटेड अशा कितीतरी नावांनी एकामागोमाग एक रिलीज काढत होती. तेव्हा वय जेमतेम एकोणीस. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. त्याच्या आधी 2010 मध्ये डॅनियल लोपाटिनने (वनओट्रिक्स पॉइंट नेव्हर वाला) चक पर्सन नावाने ‘एकोजॅम्स’ची कॅसेट काढली होती, फक्त 100 प्रती, आणि गाण्यातली एखादी ओळ पकडायची, स्लो करायची, इकोत बुडवायची आणि फिरवत राहायची ही रेसिपी तिथली. त्याच्याही मागे जायचं तर ह्यूस्टनचा डीजे स्क्रू, जो नव्वदच्या दशकात रॅपची गाणी स्लो करून, कापून टेपवर विकायचा. म्हणजे स्लो करणं हा काही 2011 चा शोध नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण स्लो करणं म्हणजे नक्की काय हे बहुतेकांना माहीतच नसतं.

दोन पद्धती आहेत. एकात वेग कमी होतो पण सूर तिथेच राहतो (आजचं कुठलंही सॉफ्टवेअर हे करतं). दुसरीत टेप हळू फिरवल्यासारखं सगळंच खाली येतं, वेग पण, सूर पण. फ्लोरल शॉपमध्ये दुसरी आहे. समजा तुम्ही गाणं पाऊण वेगाने वाजवलं, तर सूर बरोबर पाच सेमीटोन खाली येतो, म्हणजे सा होता तिथे मंद्र पंचम लागतो, पेटीवर काळी एकचं गाणं खालच्या काळी चारमध्ये जाऊन बसतं. इतपत ठीक आहे, गायकाला खालच्या पट्टीत गायला सांगितलं असतं तरी सूर हाच लागला असता. पण टेप स्लो केल्यावर गळ्याचा आकारच बदलतो. प्रत्येकाच्या आवाजात घसा आणि तोंड यांच्या पोकळीमुळे काही ठरावीक पट्टे उठून दिसतात, त्यावरून आपण बाई, बुवा, लहान मूल हे ओळखतो, आणि हे पट्टेही सगळे खाली येऊन पाऊणपट होतात. त्यामुळे दुसऱ्या ट्रॅकवर, म्हणजे तो प्रसिद्ध ‘रिसाफुरांकु 420’, त्यात गाणारी डायना रॉस आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. मूळ गाणं तिच्या 1984 च्या ‘स्वेप्ट अवे’ अल्बममधलं ‘इट्स युअर मूव्ह’. स्लो झाल्यावर तो आवाज ना बाईचा ना पुरुषाचा, असल्या देहाचा माणूस प्रत्यक्षात नसतोच, आणि आपला मेंदू ‘हे कोण गातंय’ म्हणून सारखा शोधत राहतो. वातावरण वातावरण म्हणतात त्यातला निम्मा भाग हा आहे.

उरलेला निम्मा म्हणजे खोली. ऐंशीच्या दशकातलं पॉप म्हणजे रिव्हर्बचा (हॉलमध्ये घुमल्यासारख्या आवाजाचा) सुकाळ, डिजिटल रिव्हर्बची मशिन्स नुकतीच मोठ्या स्टुडिओत पोचलेली आणि जो तो ड्रम्सपासून गाण्यापर्यंत सगळ्यावर ओततोय. आता दीड सेकंदाची रिव्हर्बची शेपूट पाऊण वेगाने दोन सेकंदांची होते. म्हणजे प्रोड्यूसरने एकही इफेक्ट न लावता हॉल मोठा झाला. गायिकेचा व्हायब्रेटो सेकंदाला सहा वेळा हलत असेल तर आता साडेचार वेळा, म्हणजे थरथर जाऊन आंदोलनासारखा झोका येतो. आणि वरची चमक जाते: मूळ रेकॉर्डिंग 20 हजार हर्ट्झपर्यंत पोचत असेल तर आता 15 हजारावर संपतं, आणि नेटवरून उतरवलेली हलकी एमपीथ्री असेल, जी मुळातच साधारण 16 हजाराला कापलेली असते, तर थेट 12 हजार. वरती काहीच नाही. कानाला असं वाटतं की गाणं शेजारच्या खोलीत चालू आहे. हे सगळं एका नॉबवर झालं, फुकटात.

म्हणून ‘नुसतं स्लो केलंय’ हे वाक्य निम्मं खरं आहे. बाकीचं काम कात्रीचं आहे.

रिसाफुरांकु परत ऐका, यावेळी हाताने ताल धरून ऐका. सात मिनिटांच्या वरचा ट्रॅक आहे आणि तुमची टाळी मध्येमध्ये चुकणार म्हणजे चुकणार, कारण तुकडे अशा ठिकाणी कापलेत की कधी मात्रा कमी पडते, कधी ओळ अर्ध्यात अडखळून परत मागे जाते, कधी सम येणार येणार म्हणता म्हणता मुखडाच परत सुरू होतो. आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला हे जास्त टोचतं असं माझं निरीक्षण आहे, कारण समेवर यायची सवय कानात मुरलेली असते. पण हीच गंमत आहे, ऐकणारा अधांतरी राहतो आणि पुढच्या फेऱ्याची वाट बघतो. हे कापणं आळशी नाहीये. कुठली ओळ किती वेळा फिरवायची आणि कधी एकदम सोडून पुढच्या कॉर्डवर न्यायचं हा निर्णय प्रत्येक वेळी कानाने घेतलाय, आणि तो चांगला घेतलाय.

पहिल्या ट्रॅकमध्ये शाडे या गायिकेचं 1985 च्या ‘प्रॉमिस’ अल्बममधलं ‘टार बेबी’ आहे, तिसऱ्या-चौथ्यात पेजेस नावाच्या बँडची गाणी (यातलेच दोघं पुढे मिस्टर मिस्टर बँड काढून ‘ब्रोकन विंग्स’मुळे जगभर गाजले). चारही ठिकाणी काय कॉमन आहे बघा: महागड्या स्टुडिओत, उत्तम वादकांनी वाजवलेलं, मऊ, भरपूर हवा असलेलं गाणं, आणि मध्यभागी एक माणूस गातोय. शाडेचं तर विचारूच नका, तो आवाज मुळातच अर्धा श्वास आहे, स्लो केल्यावर श्वास लांबतो.

आणि मग पाचव्या ट्रॅकपासून काय होतं? ‘चिरी’मध्ये झेवियरने ‘टुरोक’ या निन्टेंडो 64 च्या गेमचं म्युझिक घेतलंय. पुढे डान्सिंग फँटसी या जर्मन जोडीच्या स्मूथ जॅझ-न्यू एज छाप (म्हणजे शांत, आराम देणाऱ्या) संगीताचे तुकडे येतात. गाणारा माणूस गेला. गेमच्या कार्ट्रिजमध्ये जागा कमी, त्यामुळे त्यातले आवाज आधीच छोटे, आखूड, कोरडे, त्यांच्यामागे खोलीच नसते, मग स्लो करून मोठं काय होणार? आणि न्यू एजचं म्हणाल तर ते मुळातच संथ, मुळातच धुक्यातलं, त्याला अजून संथ करणं म्हणजे आमटीत पाणी घालणं. नावात ‘एको’ असलेला सहावा ट्रॅक आणि त्यानंतरचा ‘सुगाकू’ दोन्ही लांब आहेत, सहा-सहा मिनिटांच्या वर, आणि पहिल्या दोन मिनिटांत जे सांगायचं ते सांगून झालेलं असतं. सॅक्सोफोनचा तुकडा येतो तिथे जरा जीव येतो, कारण सॅक्सोफोन माणसाच्या गळ्याच्या सगळ्यात जवळचं वाद्य, श्वासावर चालणारं. हा माझा मुद्दा सिद्ध करणारा पुरावाच समजा. शेवटाकडचे तर नुसते कपचे आहेत. मला ते आवडतात, पण तो अल्बमचा शेवट होत नाही, अल्बम थांबतो फक्त.

यावर फॅन मंडळी म्हणणार की ‘तो कंटाळा मुद्दाम आहे, भांडवलशाहीचा पोकळपणा दाखवायचाय, मॉलमधलं बॅकग्राऊंड म्युझिक असंच असतं’. 2012 मध्ये ॲडम हार्पर या समीक्षकाने व्हेपरवेव्हवर एक गाजलेला लेख लिहिला, त्यात हे संगीत ग्राहक संस्कृतीची चेष्टा आहे की तिला शरण जाणं आहे असा प्रश्न होता, आणि तेव्हापासून प्रत्येक ढिसाळ लूपला (परत परत फिरणाऱ्या तुकड्याला) तत्त्वज्ञानाचं पांघरूण घालायची सोय झाली. मला हे पटत नाही. कंटाळा मुद्दाम करता येतो, जरूर येतो, पण मुद्दाम केलेला कंटाळा एकसंध असतो, त्याला शिस्त असते. कॅट सिस्टम कॉर्पचा 2014 चा ‘पाम मॉल’ ऐका, पहिलाच ट्रॅक वीस मिनिटांच्या वर चालतो, लोकांची कुजबुज, पावलं, लांबून येणारं म्युझिक, आणि तो कुठेच गोष्ट सांगायचं वचन देत नाही. फ्लोरल शॉप देतो. पहिल्या चार ट्रॅकमध्ये गाणी देतो, हुक (डोक्यात अडकणारी ओळ) देतो, आणि मग हात सोडतो. एकोणीस वर्षांची मुलगी डोक्यात येईल ते भराभर करून नेटवर टाकत होती, काही जमलं काही नाही, इतकं साधं आहे ते, आणि त्यात तिचा काही कमीपणा नाही. त्या चार ट्रॅकमध्ये तिने जे केलं ते नंतर हजारो लोकांनी कॉपी करून पाहिलं आणि फार थोड्यांना जमलं.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रश्नात नव्हती तरी सांगतो. ‘हे नॉस्टॅल्जियाचं संगीत आहे, आपण कुठे अमेरिकन मॉलमध्ये वाढलो’ असं आपल्याकडे पुष्कळ जण म्हणतात. मुंबईत हाजीअलीला क्रॉसरोड्स मॉल उघडला 1999 साली, आणि तिथेही बहुतेकांनी फक्त एस्केलेटर बघितला. पण गंमत अशी की झेवियरचा जन्मच 1992 चा. डायना रॉसचं ते गाणं तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठं. म्हणजे तिची स्वतःचीही ती आठवण नाही, तिने ती इंटरनेटवर सापडलेल्या सामानातून जुळवली: कव्हरवर हेलिओसचा अर्धपुतळा, गुलाबी चौकटींची फरशी, शहराचा फोटो, आणि नावं जपानीत. तेव्हा चेंबूरमध्ये बसलेल्या माणसाला ते लागू व्हायला काहीच हरकत नाही. टेप स्लो झाल्याचा आवाज तर आपल्यालाही पाठ आहे, सेल उतरले की वॉकमनमध्ये किशोर कुमार असाच घरंगळायचा.

2814 नावाच्या जोडीचा 2015 चा अल्बम आहे, नावाचा अर्थ ‘नव्या दिवसाचा जन्म’, तो जरूर ऐका. तो सॅम्पलवर (दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगच्या तुकड्यांवर) कमी आणि सिंथवर जास्त उभा आहे, आणि वातावरण पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत एकसारखं, कुठेही खड्डा नाही. तरी मला त्यातला एकही सूर दुसऱ्या दिवशी गुणगुणता येत नाही. फ्लोरल शॉपमधले चार येतात. जेम्स फेरारोचा ‘फार साइड व्हर्च्युअल’ही त्याच 2011 च्या हंगामातला, ‘द वायर’ मासिकाने त्याला वर्षाचा अल्बम म्हटलं, तो मूळ रिंगटोन म्हणून डोक्यात होता आणि सगळा चकचकीत कॉम्प्युटरी आवाजांचा आहे. हुशार आहे, पण मला थकवतो.

आता तुमच्या स्वतःच्या अल्बमबद्दल.

सोर्स निवडताना आधी गाणं मूळ वेगात ऐका आणि फक्त एकच बघा, आवाजामागे खोली ऐकू येते का. साठच्या दशकातली आपली बहुतेक रेकॉर्डिंग्ज मोनो आणि बऱ्यापैकी कोरडी आहेत, गायक अगदी कानाशी असतो, त्यामुळे त्यांना स्लो केलं की भारी न होता नुसतं जड होतं. ऐंशीच्या दशकातल्या हिंदी फिल्मी गाण्यांमध्ये इको भरभरून आहे, तिथे तुम्हाला फुकटचा हॉल मिळेल. कोरडं भावगीतच घ्यायचं असेल तर रिव्हर्ब आधी लावा, तो ट्रॅकवर पक्का छापून घ्या आणि मग स्लो करा. मुलं उलटं करतात, आधी स्लो मग वरून चकाचक रिव्हर्ब, आणि मग आवाज एका जमान्यातला आणि हॉल दुसऱ्या जमान्यातला असा वेगवेगळा ऐकू येतो. आधी लावलेला रिव्हर्ब आवाजाबरोबर काळवंडतो, एकजीव होतो.

सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग तपासा. एबलटनमध्ये वॉर्पचा मोड री-पिच ठेवा, ऑडॅसिटीत स्पीड बदला, टेम्पो नको. नाहीतर सूर तिथेच राहतो आणि आवाजावर पाण्याखाली घुंगरं वाजवल्यासारखा खुळखुळाट येतो. तो कोणाला हवा असेल तर हवा असेल, पण फ्लोरल शॉपचा पोत त्याने येणार नाही.

बेसकडे लक्ष द्या. 50 हर्ट्झवरचा बेस पाऊण वेगाने 37 च्या आसपास जातो, फोनवर तर ऐकूच येत नाही आणि मास्टरिंगमध्ये मात्र सगळी जागा तोच खातो, लिमिटर (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारं साधन) त्याच्यावरच आपटत राहतो. तबला असेल तर डग्ग्याचं हेच होतं. 35-40 च्या खालचं बिनधास्त कापा, आणि गेलेल्या बेसच्या वरच्या अष्टकात जरा सॅचुरेशन (हलका फाटलेपणा) देऊन तो छोट्या स्पीकरवर भासवा. दुसरं, ‘स’सारखे आवाज. मूळ गाण्यात ते सहा-सात हजार हर्ट्झला असतात, स्लो केल्यावर पाच हजाराच्या आसपास, जिथे कान सगळ्यात हळवा असतो तिथे, आणि वर लांबतात पण. नेहमीचा डी-एसर (‘स’चा सुसकारा दाबणारं साधन) जिथे लावता त्याच्या खाली लावा. आणि कृपा करून वरची चमक ईक्यूने (आवाजाचे पट्टे वर-खाली करणाऱ्या साधनाने) परत आणायला जाऊ नका, तिथे काही नाहीच आहे, फक्त खरखर वर येईल.

कात्रीबद्दल एकच सांगणं, ग्रिडवर (सॉफ्टवेअरने आखलेल्या मात्रांच्या रेघांवर) कापू नका. मान्य आहे की क्लिक येईल, त्यासाठी काही मिलिसेकंदांचा फेड पुरतो. ओळ कानाने ऐका आणि जिथे शब्द पूर्ण व्हायच्या आत थांबावंसं वाटतं तिथे कापा, मराठी शब्दात तर अर्थ अर्ध्यावर लटकवायला भरपूर जागा आहे. आणि एका ट्रॅकमध्ये निदान एकदा तरी लूप सोडून गाण्याला पुढे जाऊ द्या.

लांबी कमी ठेवा. पाठवलेल्या लिंकमधला तुमचा चौथा डेमो, सतार आणि पॅडवाला, सहा मिनिटांचा आहे आणि त्यात गाणारं कोणी नाही. तो दीड मिनिटाचा करून दोन गाण्यांच्या मध्ये टाका, तिथे तो सुंदर बसेल. फ्लोरल शॉपचा दुसरा भाग असाच, आवाजवाल्या ट्रॅकच्या फटींमध्ये वाटून टाकला असता तर आज तुम्ही मला हा प्रश्न विचारला नसता असं मला राहून राहून वाटतं.

आणि हक्कांचं. तिकडे ही मंडळी परवानगी न घेता छोट्या लेबलवर काढत राहिली म्हणून आपल्यालाही चालेल असं धरू नका, यूट्यूबची यंत्रणा पाऊण वेगाचं गाणंही बऱ्याचदा पकडते आणि आपल्याकडच्या कॅसेट कंपन्या दावा ठोकायला आळस करत नाहीत. भारतात रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं असतो, त्यामुळे खूप जुनी रेकॉर्डिंग्ज मोकळी झालेली आहेत, पण चाल आणि शब्द यांचा हक्क वेगळा, तो संगीतकार आणि गीतकार गेल्यानंतर 60 वर्षं चालतो, हे दोन्ही तपासावं लागतं. खरं सांगू का, तुमच्या ओळखीत कोणी बरं गाणारं असेल तर तिच्याकडून नवीन चार ओळी गाऊन घ्या, भरपूर रिव्हर्ब छापा, आणि मग ते रेकॉर्डिंग जुनं असल्यासारखं निर्दयपणे स्लो करा आणि कापा. गाताना तिला पट्टी दोन-तीन सेमीटोन वर घ्यायला सांगा, म्हणजे खाली आल्यावर शब्द अगदीच पुसले जाणार नाहीत.

डेमो एक आणि तीनचे स्टेम्स (गाण्यातल्या भागांच्या वेगवेगळ्या फाइल्स) पाठवा, 24 बिटमध्ये, मास्टरवरचा लिमिटर काढून. बघतो.